वार होण्याआधी

(तालमीच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या वस्तादांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नव्या पोराला पहिल्या दिवशी आखाड्यात उतरू देत नसत. कडेला बसवून नुसतं बघायला लावत. तासाभरानं जवळ बोलावून विचारत, आत किती जण आले, बाहेर कोण गेलं, कोणत्या गड्याचा गुडघा दुखावलाय, मागच्या दाराला कडी आहे की ते नुसतं लोटलंय. उत्तरं आली नाहीत की दुसऱ्या दिवशी पुन्हा कडेला. आज मला बोलायचंय ते या कडेला बसण्याबद्दल. तालमीत, ज्यूदोच्या आणि कराटेच्या वर्गात आपण जे शिकवतो, त्यातला नेमका हाच भाग गळत चाललाय.

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालक मुलींना घेऊन वर्गात येतात. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, किती महिन्यांत स्वतःचं रक्षण करता येईल?" त्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं. अंधारी गल्ली, अनोळखी गुंड आणि मुलीची सणसणीत लाथ. ती लाथ शिकवायला सहा महिने लागतात की सहा वर्षं, हे मी सांगू शकते. पण चित्रच अपुरं आहे. गल्लीत शिरण्याआधीची दहा मिनिटं त्यात नाहीत, घरी परतल्यानंतरचे दहा दिवस नाहीत आणि गुंडाचा चेहरा ओळखीचा असू शकतो ही शक्यता तर मुळीच नाही.

या विषयाचा आपल्या मातीतला मोठा धडा पुण्याच्या गंज पेठेत सापडतो. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. त्यांनी स्वतः तसं लिहून ठेवलंय. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई रोज शिकवायला जाऊ लागल्या. वाटेत लोक शेण फेकत, चिखल फेकत. सावित्रीबाई निघतानाच दुसरं लुगडं बरोबर घेत, शाळेत पोचल्यावर बदलत आणि वर्ग सुरू करत. त्या लुगड्याकडे मी फार आदरानं बघते. आज काय घडणार याचा अंदाज आहे, ते कुठे घडणार हे माहीत आहे, म्हणून त्याची सोय करून निघायचं आणि काम मात्र थांबवायचं नाही. सावधपणा आणि भित्रेपणा यांची गल्लत करणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. दुसरीकडे लहुजी वस्तादांनी आपल्या तालमीतलं बळ या शाळांच्या पाठीशी उभं केलं. त्यांच्याच घरातली मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. संरक्षण कशासाठी करायचं याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

आणि मग १८५६ ची ती रात्र. जोतीरावांना मारण्यासाठी दोन मारेकरी घरात शिरले. एक रोडे, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. जोतीरावांना जाग आली. चरित्रकार सांगतात की त्यांनी आधी विचारलं, तुम्ही कोण, कशासाठी आलात. पैशासाठी आलोय, असं उत्तर मिळालं. बोलणं पुढे सरकलं आणि मारायला आलेले दोघं त्यांचे सोबती झाले. रोडे पुढे त्यांचा अंगरक्षक झाला, धोंडीराम शिकून सत्यशोधक चळवळीतला विद्वान झाला. दांडपट्टा शिकलेल्या माणसानं त्या रात्री दांडपट्टा उचलला नाही. त्याचं शिक्षण वाया गेलं असं कोणी म्हणेल का? माझ्या समजुतीप्रमाणे ते त्याच्या आवाजात उतरलं होतं. समोर शस्त्र असताना प्रश्न विचारायला श्वास जागेवर लागतो, आणि श्वास जागेवर ठेवण्याची सवय तालमीत लागते. प्रत्येकानं मारेकऱ्याशी गप्पा माराव्यात असं मी मुळीच सुचवत नाही. माझा मुद्दा एवढाच की अंगात बळ असलेल्या माणसापुढे मार्ग जास्त असतात आणि वार करणं हा त्यांतला शेवटचा असतो.

आता माझ्या स्वतःच्या विद्येकडे, ज्यूदोकडे येते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या मंदिरात, बारा तातामी चटया मावतील एवढ्या जागेत कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. तिथून ज्यूदो जगभर गेला. ज्यूदोत पहिला धडा प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा नसतो, स्वतः पडण्याचा असतो. त्याला उकेमी म्हणतात. मुलगी उकिडवी बसते, हनुवटी छातीला लावते, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवते आणि पाठीवर लोळताना दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली करून, मॅटवर आपटते. हाताच्या त्या आपटण्यात धक्का पसरतो आणि डोकं वर राहतं. सुरुवातीला प्रत्येकीचा हात मागे जमिनीला टेकायला धावतो. मनगट मोडतं ते तिथेच. ती धाव थांबवायला काही आठवडे लागतात. पालक कंटाळतात, मुली कंटाळतात, "मॅडम, थ्रो कधी?" असं विचारतात.

माझ्या जुन्या विद्यार्थिनी भेटतात तेव्हा ज्यूदोचा उपयोग झाल्याचे किस्से सांगतात, आणि त्यांतले बहुतेक पडण्याचे असतात. पावसात गाडी घसरली आणि हनुवटी आपोआप छातीला लागली. ओल्या जिन्यावर पाय गेला आणि मनगट वाचलं. यात नवल काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर दुसरा क्रमांक पडण्याचा लागतो. आपल्याच देशाचा हिशेब घ्या. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. खुनांच्या जवळजवळ सहापट. त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सगळ्यांत मोठा होता. म्हणून काळ्या पट्ट्याचा खेळाडू हेल्मेट हँडलला अडकवून स्पर्धेला येतो, तेव्हा त्याला स्वसंरक्षण येतं असं प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही. माझ्या वर्गात हेल्मेटशिवाय गाडीवर आलेल्याला मॅटवर प्रवेश नाही. काही पालक यावर नाराज होतात. त्यांनी खुशाल नाराज व्हावं.

आता एक सराव सांगते. दोघं असली तरी तो कोणालाही करता येईल; वर्गात मी तो असा घेते. मुलींच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, मधे पंधरा-वीस पावलांचं अंतर. एका रांगेनं गप्प राहून सरळ समोरच्या मुलीकडे चालत जायचं. दुसऱ्या रांगेतल्या मुलीनं, जिथे जिवाला अवघड वाटेल तिथे हात छातीच्या उंचीला आणायचा, तळवा पुढे, आणि मोठ्यानं म्हणायचं, "थांबा." इतकाच खेळ. पहिल्यांदा तो करवून घेतला की जवळजवळ अर्ध्या मुली म्हणतच नाहीत. समोरची अगदी नाकाशी येते आणि ही हसते. खांदे आत घेते, ओढणी सारखी करते, नजर खाली टाकते, पण शब्द फुटत नाही. काहींच्या तोंडून "थांबा ना" निघतं, विनंती केल्यासारखं. मैत्रिणीला, मॅटवर, सगळ्यांसमोर, खेळात थांबा म्हणता येत नाही! मग बसमध्ये मागच्या सीटवरून हात आला तर? क्लासचे सर वही तपासताना खांद्यावर हात ठेवून उभे राहिले तर? लाथ मारायची वेळ फार पुढे येते. त्याआधी आवाज लागतो, आणि आवाजाला परवानगी लागते.

ती परवानगी आपण लहानपणापासून काढून घेतलेली असते. "मोठ्यानं हसू नकोस, काका आहेत ना, पाया पड, पापा दे, असं तोडून बोलू नये." मुलीला आपण वर्षानुवर्षं गोड वागायला शिकवतो आणि मग दोन महिन्यांच्या शिबिरात तिनं वाघीण व्हावं अशी अपेक्षा करतो. 'थांबा'चा हा सराव मी मुलांकडूनही करून घेते, आणि त्यांना दोन्ही बाजू करायला लावते. समोरची थांब म्हणाली की तत्क्षणी पाय थांबला पाहिजे, अर्धं पाऊलही पुढे नाही. हे शिकणं त्यांच्यासाठी जास्त गरजेचं आहे असं माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षी आकडे देतो. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला माणूस. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड या आकड्यांत फार थोडा आहे. आपला सगळा अभ्यासक्रम मात्र त्याच्यासाठी बेतलेला. ओळखीच्या माणसाचा हात मनगटावर आला की अडचण तंत्राची नसते. मनगट अंगठ्याच्या बाजूनं सोडवायचं हे आमच्या दहा वर्षांच्या पोरीलाही येतं. अडचण असते ती लोक काय म्हणतील याची, आणि आपलाच गैरसमज तर झाला नाही ना या शंकेची.

कॅनडात तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, निम्म्यांना फक्त माहितीपत्रकं. प्रशिक्षणात हातापायांचे डाव होतेच, पण त्याआधी ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखावा आणि ओळखल्यावर तो स्वतःशी मान्य करताना मन कुठे अडतं यावर भर होता. आपल्याला नात्यात काय हवं आणि काय नको, याचाही मोकळा विचार होता. वर्षभरानं पाहिलं तेव्हा माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. बारा तासांत कोणी पैलवान होत नाही. म्हणून या आकड्यांतला फरक मी स्नायूंच्या खात्यावर मांडत नाही.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी गंभीरपणे घेते. काळजी मुलींनीच का घ्यायची? गुन्हा करणाऱ्याला शिकवा ना. खरं आहे. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराची, पूर्णपणे, आणि ती शंभर टक्के तिथेच राहिली पाहिजे. सावधपणा शिकवताना जो शिक्षक "तू तिथे गेलीसच कशाला" या सुरात उतरतो, त्यानं शिकवणं थांबवावं. पण उद्या सकाळी सात वाजता क्लासला निघणाऱ्या मुलीला समाज सुधारेपर्यंत थांबायला कसं सांगू? तिला साधनं देणं आणि दोष न देणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आणि ज्यांना त्या क्षणी काहीच करता आलं नाही, त्यांच्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. २०१७ मध्ये स्टॉकहोममधल्या एका अभ्यासात, बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांशी बोलणं झालं. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांचं शरीर प्रसंगाच्या वेळी लक्षणीय प्रमाणात गोठून गेलं होतं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. अतीव भीतीत शरीर आपोआप असं वागतं, ते कोणी ठरवून करत नाही. "ओरडली का नाहीस?" हा प्रश्न घरात, चौकीत, वर्गात, कुठेही विचारला जाऊ नये. माझ्या एका विद्यार्थिनीला, जी राज्य स्पर्धेत पदक घेऊन आली होती, अत्याचारानंतर तिच्या आत्यानं विचारलं होतं, "मग एवढं शिकून उपयोग काय?" त्यानंतर कितीतरी दिवस ती मॅटवर आली नाही. पदक मिळतं तिथे पंच असतो, वजनाचा गट असतो, समोरच्याला वाकून नमस्कार असतो. घडलं ते यांतलं काहीच नसलेल्या खोलीत, रोज घरी येणाऱ्या माणसाकडून. त्या पोरीत कमी काहीच नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल भीती आणि गैरसमज दोन्ही फार आहेत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यूचा, गंभीर दुखापतीचा, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड फेकलं जाण्याचा धोका वाजवीपणे वाटत असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही हा हक्क पोचतो. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. रक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असताना हा हक्क मिळत नाही. म्हणजे पडलेल्याला तुडवणं हे रक्षण नाही. धोका टळला की तिथून निघायचं. पाकीट मागणाऱ्याच्या हातात चाकू असेल तर पाकीट द्यायचं. चाकू काढून घेण्याचे डाव सिनेमात बघावेत. मी तीस जणांच्या वर्गात ते शिकवत नाही, कारण त्यानं खोटा धीर येतो आणि खोटा धीर जीव घेतो.

पाठलाग करणं, नकार दिल्यावरही फोन-मेसेज करत राहणं हा कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत चालत नाही. ११२ हा एकच क्रमांक पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी आहे. मुलांसाठी १०९८ आहे. आणि फोनवर "तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" असं कोणी धमकावलं, तर फोन ठेवा. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा. घाई करवणं आणि कोणाला सांगू न देणं, ही लबाडांची पद्धत रस्त्यावर, घरात आणि फोनवर सारखीच असते.

कोणाला सांगू न देणं, यापाशी मला खरं यायचं होतं. गावातल्या, तालुक्यातल्या मुली मला एक गोष्ट वारंवार सांगतात. स्टँडवर एक मुलगा रोज उभा असतो, बसमध्ये मागे बसतो, आता नावानं हाक मारायला लागलाय. "घरी सांगितलंस?" "नाही मॅडम. सांगितलं तर कॉलेज बंद होईल." याहून स्पष्ट वाक्य मी या विषयावर ऐकलेलं नाही. मुलीनं धोका ओळखलाय. तो कुठे, कधी, कोणत्या बसला, सगळं तिला ठाऊक आहे. कडेला बसवणाऱ्या आमच्या वस्तादांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे आहेत. पण ती वापरता येत नाहीत, कारण सांगण्याची शिक्षा तिलाच होणार. मोबाइल काढून घेतला जाईल, खेळ बंद होईल, दहावी-बारावीनंतर लग्नाची बोलणी सुरू होतील. आणि हे पाठलाग करणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. तिच्या गप्प बसण्यावर त्याचा सगळा भरवसा असतो.

अशा वेळी घरानं काय करायचं? जे मी पाहिलंय आणि उपयोगी पडताना पाहिलंय तेवढंच सांगते. आधी पूर्ण ऐकायचं, मधे ओरडायचं नाही. मग पहिलं वाक्य हे म्हणायचं, "तुझं कॉलेज बंद होणार नाही." बाकीचं सगळं या वाक्यानंतर. तारीख, वेळ, बसचा नंबर, त्यानं काय केलं, हे तिच्याकडून एका वहीत लिहून घ्यायचं. मेसेज पुसायचे नाहीत. चार दिवस कोणीतरी तिच्याबरोबर स्टँडवर जायचं, लाठी घेऊन नाही, नुसतं दिसेल असं उभं राहायला. कंडक्टरला आणि कॉलेजला सांगायचं. थांबलं नाही तर वही घेऊन पोलिसांत जायचं. भावानं मित्र गोळा करून त्या मुलाला मारायला जाऊ नये. तसं झालं की तक्रारीचा विषय बदलतो, मुलीचं नाव गावभर होतं आणि गुन्हा भावावर दाखल होतो.

मग कसब कशासाठी, असं माझ्या वर्गातली पोरं आता मनात म्हणत असतील. कसब हवंच. रोज घाम गाळणाऱ्या मुलीची चाल बदलते, ती मान वर करून चालते, तिचा आवाज पोटातून येतो. पकड आली, धक्का बसला, अंगाला अंग भिडलं तरी तिचं डोकं चालू राहतं, कारण हे तिनं मॅटवर कितीतरी वेळा सोसलेलं असतं. सुटायला दोन सेकंद मिळाले तर ती ते दोन सेकंद ओळखते. हे पुस्तकातून येत नाही आणि एका दिवसाच्या कार्यशाळेत तर नाहीच. महिला दिनाला हजार मुलींना मैदानात उभं करून पंधरा मिनिटं हात-पाय हलवायला लावायचे आणि फोटो काढायचे, यात मुलींचा वेळ जातो आणि आयोजकांचं समाधान होतं. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, बसभाडं परवडेल अशा ठिकाणी, संध्याकाळी घरी वेळेत पोचता येईल अशा वेळी, चांगल्या मॅटवर वर्ग चालला पाहिजे. स्वच्छतागृह हवं. शिक्षकाची नीट चौकशी झालेली हवी आणि मुलींच्या वर्गात एक बाई हजर हवी, कारण विश्वासाचा गैरवापर होण्याच्या जागांमध्ये खेळाची मैदानंही येतात, हे आपण तालमीच्या मंडळींनी मान्य केलं पाहिजे.

पण घराची तयारी नसेल तर वर्गातली तयारी अपुरी पडते, म्हणून तालमीच्या समितीपुढे माझी एक मागणी आहे. या उन्हाळ्यापासून शिबिरात मुलांच्या तासाबरोबर पालकांचाही तास ठेवा, दर रविवारी सकाळी, याच हॉलमध्ये. त्यात 'थांबा' हा सराव आई-वडिलांकडून करून घेऊ, पडायला शिकवू, मुलगी काही सांगायला आली तर पहिलं वाक्य काय असावं ते मोठ्यानं म्हणायला लावू. तोंडातून ते वाक्य एकदा निघालेलं असलं की वेळेवर सुचतं. शिकवण्याचा मोबदला मी घेणार नाही. नावनोंदणीची वही दारापाशी ठेवली आहे, आणि वडिलांनी आपली नावं आधी लिहावीत अशी माझी विनंती आहे.